खुर्च्या हलवण्याआधी वाचनकक्षात जरा बसून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात विद्यापीठाच्या ग्रंथालयाविषयी एका वाचकांचे पत्र आले आहे. पत्रलेखक निवृत्त अधिकारी आहेत आणि जिल्ह्याचे जुने गॅझेटियर चाळायला ते ग्रंथालयात गेले होते. तिथे त्यांना दिसले ते असे: अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, बसलेल्यांपैकी चार-दोघांपुढेच ग्रंथालयाचे पुस्तक, बाकीच्यांपुढे स्वतःच्या वह्या नाहीतर मोबाईल, आणि एक मुलगा चक्क टेबलावर डोके टेकून झोपलेला. तेव्हा एवढा मोठा वाचनकक्ष हवाच कशाला, निम्म्या जागेत वातानुकूलित सभागृह करावे, अशी त्यांची सूचना आहे. प्रशासनाच्या मनातही असेच काही घोळते आहे असे कानावर येते. नाहीतर मी कागद-पेन घेऊन बसले नसते.

विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. मी तिथे परिचर म्हणून लागले आणि ग्रंथालय सहायक म्हणून निवृत्त झाले. परिचर होते तोवर मुले 'मावशी' म्हणत, बढतीनंतर नवी मुले 'मॅडम' म्हणू लागली. मला मावशीच बरे वाटे. सकाळी वाचनकक्ष उघडायचा, टेबले पुसायची, वर्तमानपत्रे काठ्यांना लावायची, संध्याकाळी "चला रे, वेळ झाली" म्हणत शेवटच्या टेबलापर्यंत जायचे, हे काम बढतीनंतरही बरेचसे माझ्याकडेच राहिले. पुस्तकांची देवघेव काउंटरवरून दिसते. मुले कुठे बसतात आणि तिथेच का बसतात, हे टेबल पुसणाऱ्याला जास्त कळते.

रिकाम्या खुर्च्यांचे आधी सांगते. आमची टेबले सहा खुर्च्यांची. पहिला येणारा टोकाची खुर्ची धरतो. दुसरा त्याच्या अगदी समोर कधी बसणार नाही, तिरक्या टोकाला बसेल. तिसरा मधे कुठेतरी. चौथा दारातून नजर फिरवतो, त्याला ते टेबल भरलेले दिसते आणि तो पुढे जातो. वह्या, बाटली, डबा, पावसाळ्यात ओली छत्री यांनाही जागा लागतेच. अनोळखी मुले असली की सहाचे टेबल तिघांत भरते. सहाच्या सहा भरतात ते एकमेकांना ओळखणारे, आणि ओळखीचे जमले की बोलणे आलेच. त्यात पुन्हा एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशा वह्या टाकून धरलेल्या जागा. धरणारा जेवायला गेलेला. पत्रलेखक गॅझेटियर पाहून दुपारी दीड-दोनला बाहेर पडले असावेत. त्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसणे म्हणजे कक्ष भरलेला असणे. निम्म्या खुर्च्या काढल्या तर उरलेल्यांच्याही निम्म्याच भरतील, आणि मग पुढच्या वर्षी तेवढ्याही कशाला, असे पत्र येईल.

जागा निवडण्याची मुलांची रीत ऋतूप्रमाणे बदलते. दिवाळीनंतर खिडकीकडची टेबले सगळ्यांत आधी जातात, उजेड आणि वारा दोन्ही मिळतात म्हणून. मिरग लागला की त्याच टेबलांकडे कोणी फिरकत नाही. खिडकी उघडी ठेवली तर झड आत येते, बंद केली तर कोंदटते. "मावशी, तेवढी खिडकी लावा ना" आणि "मावशी, तेवढी खिडकी उघडा ना" ही दोन वाक्ये मी एकाच टेबलावरून, एकाच तासात ऐकली आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पंख्याखालची जागा. संदर्भ विभागामागे, बांधीव नियतकालिकांच्या मांडण्यांआड एक लहान टेबल आहे, तिथे कायम पीएच.डी.वाले. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आलेला विद्यार्थी त्या टेबलावरून ओळखता येतो. तो कोणाकडे बघत नाही आणि डबाही तिथेच खातो. डबा खायला बंदी आहे. मी पाहिले न पाहिले करी.

अलीकडची काही वर्षे मात्र वारा, उजेड, पंखा सगळे मागे पडले. जिथे मोबाईल आणि लॅपटॉप लावायला प्लगपॉइंट, तिथे मुले. भिंतीलगतची टेबले सकाळीच भरतात आणि मधली मोकळी राहतात. पाहणाऱ्याला वाटते मुलांना मधे बसायला आवडत नाही. मधे वायर पोचत नाही, एवढेच कारण आहे.

आता मोबाईल. रील बघणारे असतात, नाही कशाला म्हणू? पण मोबाईलमध्ये डोके घातलेला प्रत्येक जण रीलच बघतो असे धरून चालणे हे आपल्या पिढीचे अज्ञान आहे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची मिळून सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन वाचायला मिळतात. देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहात आहेत. जी नियतकालिके आम्ही पोत्यातून सोडवून, शिक्के मारून, वर्षअखेर बांधायला पाठवत असू, ती आता मुलगी तळहातावर वाचते. ती ग्रंथालयाचेच वाचते आहे, फक्त देवघेवीच्या नोंदीत येत नाही. तिला ग्रंथालयाकडून हवे आहे ते टेबल, वायफाय, वीज आणि चार तास कोणी न उठवणारी खुर्ची. गावाकडे रेंज मिळायला सड्यावर जावे लागते, तिथे उन्हात उभे राहून कोणी शोधनिबंध वाचत नाही.

स्वतःच्या वह्या-पुस्तके घेऊन बसणाऱ्यांविषयीही पत्रलेखकांचा आक्षेप आहे. घरून आणलेलीच पुस्तके वाचायची तर घरीच वाचावीत ना, असे ते विचारतात. त्यांना मी एप्रिलमध्ये एखाद्या बागायतदाराच्या घरी जायला सांगेन. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि आंबा एकाच वेळी येतात. ओटीवर आढी, माजघरात पेट्या, पडवीत पेंढा, अंगणात गडी. घरातले जाणते-नेणते सगळे आंबा निवडायला आणि भरायला. पहाटे वाशीला जाणारी गाडी लागलेली. अशा घरात एकवीस वर्षांचा मुलगा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला तर आजी काही बोलत नाही, पण तिचे ते न बोलणे त्याला ऐकू येते. तो एसटी पकडून ग्रंथालयात येतो, तेव्हा निदान सगळ्यांना सांगता येते की पोरगा विद्यापीठात गेला आहे. वसतिगृहातल्या मुलांचे दुखणे वेगळे. एका खोलीत चौघे, एकाचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर, तिसऱ्याचे फोनवर चाललेले. मुलींचे आणखी वेगळे. घरी असली की पाणी, भांडी, पाहुण्यांचा चहा हे तिच्याच वाट्याला, मग ती एम.एस्सी. असो की कोणी.

आणि तो झोपलेला मुलगा. तो कोण हे मला माहीत नाही, पण असे झोपणारे मी पुष्कळ पाहिले. एक बंदरावरचा होता. पहाटे बोट लागली की लिलावाला बापाबरोबर उभा राहायचा, मग आंघोळ करून पहिल्या गाडीने यायचा. अकराच्या तासापर्यंत टेबलावर डोके. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत तो एकदाही झोपलेला दिसला नाही. त्याला मी कधी उठवले नाही. एका नव्या सुरक्षारक्षकाने काठी आपटून उठवले, तर समोरची मुलगीच त्याच्यावर कडाडली, "काका, झोपू दे ना त्याला, तुमचा काय घेतलान त्याने?"

खुर्चीची किंमत ज्यांना पटत नाही त्यांनी आपल्याच तालुक्याच्या गावात फेरी मारावी. बसस्टँडच्या आसपास, बँकेच्या वरच्या मजल्यावर, खासगी अभ्यासिका निघाल्या आहेत. प्लायवूडचा आडोसा, एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट, आणि दर महिन्याला पैसे. पुस्तक एकही नाही. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणारी मुले तिथे पदरचे भरून बसतात. नुसत्या बसण्यासाठी गरिबाघरची मुले पैसे मोजत असतील तर ती वस्तू फुकट जाणारी नाही, एवढे तरी निवृत्त अधिकाऱ्यांना मान्य व्हावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसत, हे आपण भाषणात सांगतो. लोणेऱ्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, गावोगावच्या अभ्यासिकांना आहे. त्या वाचनालयाने एका माणसाने इतका वेळ जागा का अडवावी असा हिशेब केला नाही.

हिशेब करायला माझा विरोध नाही. पण आत्ता जो होतो तो पाहून हसू येते. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालये-विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, मूल्यमापनात ग्रंथालयाचा दररोजचा वापर विचारत आले आहेत, म्हणून दाराशी नोंदवही किंवा यंत्र असते. चहाला तीनदा बाहेर जाऊन आलेली मुलगी यंत्राला चार माणसे वाटते. सकाळी येऊन संध्याकाळी उठणारा एकच. वहीत सही करायला विसरणारे तर विचारूच नका. पावसात भिजत आलेला पोरगा पेन शोधत उभा राहत नाही. पुढे त्या आकड्यांची सरासरी काढतात. कोकणात सरासरी कसली काढता? गणपतीच्या आठवड्यात कक्षात मी आणि वर्तमानपत्रे. शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हाही तसेच. गणपती संपून अंतर्गत चाचणी लागली की दुसऱ्या दिवशी बसायला जागा नाही. हे दोन्ही एकत्र करून भागले तर जो आकडा येतो, तेवढी मुले वर्षातल्या एकाही दिवशी तिथे नसतात.

आमच्या एका ग्रंथपालांनी वेगळा प्रकार करून पाहिला होता. कक्षाचा साधा नकाशा काढला, टेबले-खुर्च्या दाखवल्या, त्याच्या झेरॉक्स काढल्या. अकरा, दोन, पाच या वेळी मी नाहीतर दुसरी परिचर एक फेरी मारायची आणि भरलेल्या खुर्चीवर खूण करायची: ग्रंथालयाचे पुस्तक असेल तर एक खूण, स्वतःच्या वह्या असतील तर दुसरी, लॅपटॉप-मोबाईलला तिसरी, दोघे-तिघे मिळून करत असतील तर चौथी. नाव विचारायचे नाही, थांबून बघायचेही नाही. एक आठवडा साध्या दिवसांचा, एक परीक्षेआधीचा. मुलांना फॉर्म दिले असते तर सगळ्यांनी 'रोज दोन तास संदर्भग्रंथ वाचतो' असे लिहिले असते. नकाशावरून खरे ते दिसले. मधल्या टेबलांचे कोडे तिथेच सुटले. आणि कळले की मुले एकत्र अभ्यास करतात ती कक्षात नव्हेच, जिन्याच्या वळणावर आणि मागच्या व्हरांड्यात उकिडवी बसून करतात. कारण आत 'शांतता राखा'.

त्या पाटीबद्दल मला थोडे बोलायचे आहे. काही मुलांना मोठ्याने सांगितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. गणित सोडवणारे तर बोलणारच. तोंडी परीक्षेआधी मराठीच्या मुली एकमेकींना प्रश्न विचारत. दुसरीकडे अशी मुले की शेजारच्याने पान उलटले तरी वैतागतात. दोघेही अभ्यासच करत असतात, आणि दोघांना एकाच खोलीत कोंबून मधे माझ्यासारखीला 'शूऽऽ' करायला उभे करणे यात कोणाचेच भले नाही. व्हरांड्याला लागून जुन्या फर्निचरची एक खोली आहे. मोडक्या खुर्च्या, एक बंद पडलेला झेरॉक्स, मागच्या समारंभाच्या कमानीचे बांबू. ती रिकामी करून चार टेबले आणि एक फळा लावला तर बोलणाऱ्यांची सोय होते आणि मोठा कक्ष आपोआप शांत होतो. ग्रंथपालांनी तसे टिपण पाठवले होते. पुढे त्यांची बदली झाली, बांबू अजून तिथेच आहेत. दरवर्षी १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' हे आम्ही ऐकतो. त्या दिवशी खोलीची किल्ली मागावी असे मला नेहमी वाटे.

वेळेबाबतही शहराकडे बघून मागण्या होतात. चोवीस तास वाचनकक्ष हवा, मुंबई-पुण्यात आहे म्हणे. वसतिगृहातल्यांसाठी परीक्षेच्या महिन्यात रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा, जरूर. पण आमची बरीच मुले एसटीची. त्यांची शेवटची गाडी साडेसहा-सातला सुटते, ती चुकली की वडापने जायचे, तेही मिळाले तर. त्यांना रात्रीचा काय उपयोग? ती येतात मात्र शाळेच्या मुलांच्या गाडीने, सकाळी साडेसातला आवारात हजर. ग्रंथालय उघडते दहाला. तोवर पावसाळ्यात पायऱ्यांवर, छपराच्या कडेला, पागोळ्यांपासून दप्तर वाचवत उभी. सकाळचे अडीच तास उघडले तर एक परिचर आणि एक रक्षक लागेल. माझ्या मते आपल्याकडे रात्रीपेक्षा ही सकाळ जास्त मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सुचणार नाही. इथे चार महिने भिंतींना ओल असते. पुस्तकांवर बुरशी, कसर, खाली वाळवी. जो कक्ष रोज उघडतो, जिथे पंखे फिरतात आणि माणसांचा वावर असतो, तिथल्या कपाटांतली पुस्तके बरी राहतात, हे मी हाताने पुसून सांगते. कुलूपबंद दालनातल्या पुस्तकांना डांबरगोळ्यांचा वास तेवढा येतो. सभागृह केले तर ते वर्षातून किती वेळा उघडेल? पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि पुन्हा कुलूप. आवारात आधीच एक सभागृह आहे, त्याच्या पडद्यांना आलेली बुरशी पत्रलेखकांनी पाहावी.

पुस्तकांची देवघेव घटली याचे दुःख त्यांच्याइतकेच मला आहे, किंबहुना जास्त, कारण त्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक मी चिकटवलेत. पण कोकणाला वाचायला बसण्याची सवय कालची नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली हजारो पुस्तके गेली आणि लोकांनी ते पुन्हा उभे केले. तिथे जाणाऱ्यांतले निम्मे लोक पूर्वीही वर्तमानपत्र वाचायला आणि बसायलाच जात असणार. त्यांना कोणी विचारले नाही की पुस्तक घेतले नाहीत तर खुर्ची का अडवलीत.

प्रशासनाला विनंती एवढीच की निर्णयाआधी एकेक आठवडा, असा दोनदा, तो नकाशा पुन्हा भरावा. पहिल्या सहामाहीच्या परीक्षेआधी एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा. फेरी मारायला माणूस नसेल तर मी येईन, मानधन नको. पत्रलेखकांनीही यावे, गॅझेटियर दुपारनंतर वाचता येईल. तोवर खुर्च्या हलवू नयेत. आणि पश्चिमेकडच्या भिंतीवरचे दोन प्लगपॉइंट मी निवृत्त व्हायच्या आधीपासून बंद आहेत, ते दुरुस्त करून घ्यावेत. त्यासाठी समिती नेमायची गरज नाही, वायरमन पुरे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक
जि. रत्नागिरी